राणीसरकारांशी गप्पा

"राणीसरकार, आज तब्येत एकदम झकास आहे बघा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी राणीसरकारांच्या खांद्यात एक टाचणी खुपसली.

राणीसरकार हूं की चूं करेनात. करणार कशा? त्यांना डोकं नव्हतं, हात नव्हते. कापडाने मढवलेलं एक धड आणि खाली लाकडी खुंट, एवढाच काय तो त्यांचा थाट. मास्तर बायकांचे कपडे शिवायचे, त्यांचं दुकान होतं तेव्हापासून हा पुतळा त्यांच्याकडे होता. "रोज नवीन कपडे घालायचे आणि काडीचं काम करायचं नाही! राणीसरकारच आहेत मेल्या," असं मास्तरांची बायको म्हणायची. नाव तिनेच ठेवलेलं. पुढे ती गेली, दुकान बंद झालं, आणि राणीसरकार तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत शिलाई मशीनशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

त्यांच्याशी बोलायची सवय मात्र अलीकडची. मास्तरांना मध्यंतरी हृदयाचा झटका येऊन गेला. सौम्यच होता, पण झटका तो झटकाच. दवाखान्यातून सुटताना एका तरुण मुलीने त्यांना समोर बसवून घेतलं. औषधं डॉक्टर देतात, मी विचारांचं बघते, म्हणाली.

"आजोबा, मनात वाईट विचार आला ना, की त्याला तिथल्या तिथे पकडायचं. उलटा करायचा. आणि चांगला झाला की मोठ्याने बोलायचा. समोर कोणीतरी बसलंय असं समजून. नुसतं मनातल्या मनात नाही चालायचं हां!"

मास्तरांना ते फार पटलं. दुरुस्तीला आलेल्या शर्टाची कॉलर विरलेली असली की ते ती उसवत, उलटी करत आणि पुन्हा बसवत. आतली कोरी बाजू वर यायची, गिऱ्हाईक खूश. विचारांचंही तसंच करायचं, त्यात काय मोठंसं! आणि समोर बसायला नाही तरी उभं राहायला राणीसरकार होत्याच.

मास्तर नेटाने कामाला लागले. जिना चढताना दम लागला की घरात येऊन म्हणायचे, "राणीसरकार, जिना आहे म्हणून आपला व्यायाम होतो." मुलाचा फोन आला नाही की म्हणायचे, "पोरगा कामात गढलाय, म्हणजे छान चाललंय त्याचं." भात करपला तरी त्यांनी त्यातून काहीतरी चांगलं शोधून काढलं होतं. मग पातेलं घासत बसले.

एक विचार मात्र काही केल्या उलटा होत नव्हता. तो होता शेजारच्या ऑपरेटरबाईंचा.

बाई सगळा जन्म टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये काढून निवृत्त झालेल्या. राहायच्या एकट्या, मधल्या लाकडी पार्टिशनच्या पलीकडे. संध्याकाळ झाली की आपला कप हातात घेऊन यायच्या. कप स्वतःचाच, कारण मास्तरांच्या कपांना मशीनच्या तेलाचा वास येतो असं त्यांचं ठाम मत होतं. मग दोघं चहा पीत आणि मनसोक्त कुरकुरत. त्यांचे गुडघे, यांचे डोळे, पाण्याचं येणं-जाणं, आजकालचं तकलादू कापड. कुरकुरून कुरकुरून दोघांना अगदी हलकं वाटायचं.

मास्तर दवाखान्यातून आले तेव्हा बाई काही दिवस आल्या. औषधांच्या वेळा त्यांनीच बजावून सांगितल्या. आणि मग यायच्याच बंद झाल्या. भांडण नाही, तंटा नाही. जिन्यात भेटल्या तर विचारायच्या, "बरंय ना?" हे म्हणायचे, "एकदम मजेत!" त्या म्हणायच्या, "मग झालं तर," आणि भिंतीकडे बघत उतरून जायच्या. शिवाय संध्याकाळी त्यांचा रेडिओ मोठ्याने वाजायचा. पूर्वी असा वाजत नसे. आपला आवाजसुद्धा यांना नको झालाय की काय, असं मास्तरांच्या मनात यायचं.

सतत रडगाणं गाणारा माणूस कोणाला हवा असतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आपण कुरकुर जरा जास्तच केली. मग ते आणखी चांगलं बोलू लागले, आणखी मोठ्याने. भिंतीपलीकडे गेलं तर बरंच, बाईंना कळेल की मास्तर सुधारले. रेडिओ तेवढाच आणखी मोठा झाला.

रक्तदाबाचा आकडा मात्र जागचा हलेना. तपासणीला गेले तेव्हा दवाखान्यातली ती मुलगी म्हणाली, "आजोबा, सराव वाढवा." मास्तरांनी सराव वाढवला आणि त्यांचा घसा बसला. इतका, की दुसऱ्या दिवशी राणीसरकारांना साधं "कशा आहात" म्हणायचीही सोय उरली नाही. संध्याकाळी ते गुपचूप बटणं लावत बसले. आणि दारावर टकटक झाली.

दारात ऑपरेटरबाई. हातात कप नव्हता, कोट होता.

"कोणी नाहीये ना?" त्यांनी मास्तरांच्या खांद्यावरून आत पाहिलं. "हा तेवढा आत घ्यायचाय. मोठा होतो."

"या ना," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "थंडीला तर अवकाश आहे अजून."

"इथे आहे. भावाकडे राहायला जातेय मी, कायमची. तिकडे बाराही महिने गारठा."

मास्तरांच्या मनात आलं ते वेगळंच होतं. पण सवय ती सवय. तोंडातून त्याची उलटी बाजूच बाहेर पडली.

"वा! छानच की! भरलं घर, आपली माणसं. मजेत राहाल."

बाईंचा चेहरा उतरला. "हो," त्या म्हणाल्या. "सगळे तसंच म्हणतात."

त्यांनी कोट चढवला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. कोट मास्तरांनीच शिवलेला, गेल्या हिवाळ्यात, अंगाबरोबर. आता कमरेशी चिमटीत धरावं तेवढं कापड हातात येत होतं. मास्तरांनी एक टाचणी लावली, दुसरी लावली. दोन्ही बाजूंनी कापड येतच राहिलं.

"बाई, जेवत नाही की काय?"

"एकटीपुरतं काय करायचं? जिवावर येतं. तुमचं बरं आहे हो. तुम्हाला सोबत आहे."

"मला? कोणाची?"

बाई आरशातल्या मास्तरांकडे न बघता बोलल्या. "मी काही कान लावून ऐकत नव्हते हां. पण भिंत कसली, पुठ्ठा आहे नुसता. दवाखान्यातून आलात आणि थोड्या दिवसांत सुरू झालं. दार वाजवायला यायचे, तर आत तुमचं बोलणं चाललेलं, हसतखेळत. आल्या पावली परत जायचे. जन्मभर एक्स्चेंजच्या बोर्डावर बसले, मास्तर. लाइनवर दोन माणसं बोलत असली की ऑपरेटरने बाजूला व्हायचं, मध्ये पडायचं नाही आणि ऐकायचं तर मुळीच नाही. म्हणून रेडिओ लावायला लागले."

"पण दुसरा आवाज? तो कधी ऐकलात?"

"असतात माणसं हळू बोलणारी. मला काय करायचंय! आनंद आहे तुमच्या घरात, तर माझी अडगळ कशाला?"

मास्तरांना हसू फुटलं. ते अर्ध्यातच विझलं. क्षणभर वाटलं, असू दे असंच. कोणीतरी आपल्याला सुखी समजतंय, तर समजू दे. दवाखान्यातल्या त्या मुलीला तरी दुसरं काय हवं होतं? त्यांनी टाचण्यांची डबी खाली ठेवली. मग त्यांनी राणीसरकारांना खुंटासकट उचललं आणि आरशापाशी आणून ठेवलं.

"ह्याच त्या," ते म्हणाले.

बाई बघत राहिल्या. "ही? हिच्याशी बोलता?"

"दवाखान्यात सांगितलंय. चांगलं बोला म्हणाले, मोठ्याने. म्हणजे तब्येत सुधारते."

"आणि ही काय म्हणते?"

"काय म्हणणार?"

बाई हसल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि टाचणी टोचली म्हणून "आई गं" म्हणाल्या. मास्तरांनी ती टाचणी काढून पुन्हा नीट लावली.

"पत्र वगैरे गेलं का भावाला?" मास्तरांनी विचारलं.

"त्याला कळवलंय. घरमालकाला सांगायचंय, उद्या."

"तसं बघितलं तर..." मास्तरांनी सुरुवात केली. जिभेवर वाक्य तयार होतं, चांगलं गुळगुळीत, रोजच्या सरावातलं. ते त्यांनी गिळलं. बसलेल्या घशातून पुढचं कसंबसं निघालं.

"माझं काही बरं चाललेलं नाही, बाई. जिना चढवत नाही. पोरगा फोन करत नाही. रात्री छातीत जरा दुखलं की वाटतं, सकाळी कोणाला कळेल? आणि संध्याकाळी तर घर खायला उठतं. तुम्ही जाऊ नका."

एवढं बोलून ते खाली बघू लागले. यातलं काहीही उलटं करून सांगायचं त्यांना सुचलं नाही. हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी सुई घेतली, डोळ्यांजवळ धरून दोरा ओवला आणि कोटाला कच्चे टाके घालायला वाकले.

बाई अजून आरशासमोरच होत्या. टाचण्या टोचू नयेत म्हणून दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभ्या होत्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "टाके नका घालू. घरमालकालाही उद्या नको सांगायला. राहू दे अजून टाचण्यांवरच."