काढ्याची हंडी

मित्रांनो, मी एक जुनी काढ्याची हंडी. चीनमधल्या फोशान गावच्या भट्टीतून निघाले तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. आमच्याकडे अशी हंडी उसनी नेतात, पण परत नेऊन देत नाहीत. दिली तर आजारही त्या घरी गेला असं मानतात. ज्याला गरज, त्यानंच येऊन न्यायची. म्हणून दारात पाऊल वाजलं की मी कान टवकारते. आता कोणाचं घर, कोणतं दुखणं?

या खेपेला लाम आजीनं मला आणलं. तिची तान्ही नात सिन-यी गालांवरच्या इसबानं तळमळत होती. आजी माझ्यात सुकी फुलं आणि कडू मुळी उकळायची आणि निवलेल्या पाण्यानं पोरीला धुवायची. सुरुवातीला लाली उतरली.

"शाबास गं म्हातारे!" आजीनं मला थोपटलं. मी अगदी फुगून गेले.

पण लाली परतली. आजीनं मुळी दुप्पट केली. पाणी काळंकुट्ट झालं, पोर किंचाळू लागली.

"आई, पुरे करा! गालातून पिवळं पाणी येतंय," सून युएत-हा रडकुंडीला आली.

"विष बाहेर पडतंय ते. तीन पोरं अशीच धुतलीत मी. मला शिकवू नकोस!"

मला ओरडावंसं वाटत होतं. नुसतं झाकण खडखडत राहिलं.

आजीनं आणखी मुळी मागवली, तेव्हा ती मुळी देणारे क्वान वैद्य स्वतःच दारात आले.

"एवढी मुळी कशाला लागते? लेकरू दाखवा आधी." त्यांनी पोरीच्या कपाळाला हात लावला. "जखमा चिघळल्यात. तापही आहे. धुणं बंद. आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या."

"पण वैद्यबुवा, मुळी तर तुमचीच..."

"माझीच. म्हणून तर सांगतोय!"

आजीला चूल विझवायचंही सुचलं नाही. पोरीला छातीशी धरून ती अनवाणीच धावली. मी मागे करपत राहिले. काठाला तडा गेला, पण माझं लक्ष दाराकडेच होतं.

सिन-यी वाचली. गाल अजून खरखरीत आहेत, पण हसते. मी फळीवर पालथी पडून असते. रिकामं बसवत नाही, आणि कुणी न्यायला यावं असंही वाटत नाही.

काल शेजारची फुंग काकू घाईनं आली. "आजी, हंडी देता का? आमच्या बाळाला खाज सुटलीय."

आजी उठली. मला वाटलं, मलाच उचलणार. तिनं पायात चपला सरकवल्या.

"हंडी कुठे पळून जात नाही. चल, लेकरू दाखव आधी."

मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल. मला हात लावण्याआधी लेकराला नीट बघा, एवढं करा.