बाहेरून कुलूप, आत शिवणयंत्र

मी एक जुने लाकडी दार आहे. मित्रांनो, सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले आणि एका शिंप्याच्या दुकानाला बसवले. रोज सकाळी मी उघडत असे आणि आत शिवणयंत्र खडखडू लागे. गिऱ्हाईके मला टेकून गप्पा मारत.

एके दिवशी न्यायालयाचा बेलिफ समन्स घेऊन आला. जागेच्या मालकाने दावा लावला होता, की दुकान वापराविना बंद पडून आहे, ते आपल्याला परत मिळावे.

शिंपी घाबरला. "कागद घेतलाच नाही, तर खटला चालेलच कसा?" असे म्हणून त्याने बेलिफाला परत पाठवले. तेव्हापासून तो मला बाहेरून कुलूप घालून मागच्या खिडकीतून आत शिरू लागला. गिऱ्हाईके कुलूप पाहून परत जात. माझ्या बिजागऱ्या गंजल्या. बेलिफ पुन्हा आला, तेव्हा त्याने समन्स माझ्यावरच चिकटवले.

मग शिंप्याची थोरली बहीण आली. तिने उभ्याउभ्या समन्स वाचले आणि मागे जाऊन खिडकी ठोठावली.

"ताई, हळू बोल. मी ते घेतलेलं नाही."

"दारावर लावलं की तुला मिळालं असंच कोर्ट धरेल. तू गेला नाहीस तर एकट्या मालकाचं ऐकून निकाल लागेल, असं यातच लिहिलंय. अरे शहाण्या, तो म्हणतो दुकान बंद असतं, आणि तू स्वतःच कुलूप लावतोस?"

"गेलो तर मला आत टाकतील ना?"

"जागेचा दावा आहे, दरोडा नाही घातलास. वकील गाठू. आधी तो सदरा बदल. शिंपी असून उसवलेला!"

काय बाई होती! कुलूप तिनेच काढले.

पुढचे मी येणाऱ्याजाणाऱ्यांकडून ऐकले. मालकाच्या वकिलाने माझ्या कुलपाचे फोटो दाखवले. तेव्हा शिंप्याने खरे सांगितले, "भीतीपोटी मीच लावत होतो." गिऱ्हाइकांनीही साक्ष दिली, की कुलूप असले तरी आतून यंत्राचा आवाज येत असे. दावा फेटाळला गेला. त्याच संध्याकाळी ताईने माझ्या बिजागऱ्यांना तेल घातले.

समन्स चिकटवल्याचा डाग माझ्यावर अजून आहे. शिंपी तो घासू देत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घराला दार असेल. त्याच्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेल घाला. आणि कधी न्यायालयाचा माणूस नाव घेऊन हाक मारू लागला, तर घरातल्यांना सांगा, कडी काढा, कागद नीट वाचा आणि तारखेला हजर राहा. रात्री राखण आम्ही करूच, पण अशा हाकेला आम्हाला उघडू द्या.