डोकं बोलत नाही

काकांचं काम काय, तर आडवं पडून राहायचं. लोक म्हणायचे, "नशीब काढलंत हो! पडून राहायचं आणि वर चहा." एकदा पडून बघा म्हणावं, डझनभर माणसांच्या बोटांखाली, हूं की चूं न करता!

बायको शिकवायची आणि नवरा नमुना, असा तो संसार. घराच्या खालच्या मजल्यावर बाईंचा वर्ग होता. हलक्या हाताने कवटीवर उपचार कसे करायचे, ते तिथे शिकवत. खोलीच्या मधोमध एक उंच, अरुंद टेबल आणि त्यावर काका उताणे. विद्यार्थी त्यांना डोकेकाका म्हणत. कपाटात प्लास्टिकची एक कवटी होती, प्रत्येक हाड वेगळ्या रंगाचं आणि सुटं होणारं. सकाळी बाई ती उलगडून दाखवायच्या आणि संध्याकाळी काका ती पुन्हा जुळवून ठेवायचे.

"कवटी म्हणजे अख्खं मडकं नव्हे," बाई सांगायच्या. "बावीस हाडं आहेत, बहुतेक शिवणींनी जोडलेली. हे मागचं, मानेवर टेकलेलं. हे मधलं, फुलपाखरासारखं, डोळ्यांच्या पाठीमागे. आणि ही दोन कानशिलांची. सगळी मिळून सावकाश फुलतात, सावकाश मिटतात. हात इतका हलका ठेवा की डोक्याला तो आहे हेच कळू नये. दाबू नका. हाताने ऐका."

हाडं खरंच हलतात का, ते मला विचारू नका. काकांनाही ते कधी कळलं नाही, आणि डोकं तर त्यांचंच होतं. बाईंना मात्र पक्कं ठाऊक होतं. तरुणपणी डोकेदुखीने त्या भिंतीवर कपाळ आपटायच्या. ती डोकेदुखी अशाच कुणाच्या तरी हातांखाली गेली आणि बाईंनी त्या विद्येला सगळं आयुष्य देऊन टाकलं.

वर्गाचा नियम एकच होता: डोकं बोलत नाही. नमुन्याने 'इथे दुखतंय, तिथे बरं वाटतंय' अशी वटवट लावली, तर विद्यार्थी हात सोडून कानावर विसंबायचे. हा नियम काढला कुणी? काकांनीच, थट्टेत! घ्या आता.

दुसरा एक नियम घरात होता, न बोललेला. डॉक्टरचं नाव काढायचं नाही. बाईंचे दादा मोठे डॉक्टर. भर पंगतीत ते म्हणाले होते, "आमची बहीण लोकांची टकलं कुरवाळते." बाई भरल्या ताटावरून उठल्या. त्यांच्या मागोमाग काकाही उठले आणि दारातून ऐटीत म्हणाले, "आमच्या घराला डॉक्टर लागत नाही!" त्या एका वाक्यावर बाईंनी नवऱ्याला जन्मभराचं माफ केलं असेल. आता ते वाक्य गिळायचं कसं?

कारण काकांचं उजवं कानशील दुखायला लागलं होतं. केसांतून कंगवा फिरवला तरी कळ यायची. सफरचंदाचे चार घास चावले की जबडा भरून यायचा, मग ते उरलेली फोड गुपचूप रुमालात गुंडाळायचे. शेवटी एकदा बायकोजवळ बोलले. म्हणजे चूक केली.

बाईंनी लगेच डोकं हातात घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "कानशिलाचं हाड अडकलंय. असं कधीपासून शोधत होते मी! उद्या मुलांना दाखवते."

झालं. दुखणं अभ्यासक्रमात गेलं. आळीपाळीने प्रत्येकाने ते अडकलेलं हाड चाचपलं. एक थंड बोटांची विद्यार्थिनी होती, ती म्हणाली, "बाई, इथे कातडीखाली दोरीसारखं काहीतरी टणक लागतंय."

"वरवर अडकू नकोस," बाई म्हणाल्या. "शीर असेल. खाली हाडापर्यंत ऐक."

मुलगी बिचारी खाली ऐकायला गेली. काका छताकडे बघत पडून राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि मारणारी तरी कोण? मायेचीच बोटं. ओरडायचं तरी कुणावर!

मग एका सकाळी दाढी करताना उजव्या डोळ्यावर करडा पडदा आला. आरशातलं अर्धं तोंड नाहीसं झालं. काका बेसिन धरून उभे राहिले. थोड्या वेळाने पडदा उठला. आज सांगायचंच, दादांना दाखवू म्हणायचं, असं ठरवून ते चहाला बसले.

"अगं, ऐक ना."

"अहो, चला लवकर," बाई हसून म्हणाल्या. किती दिवसांनी त्या अशा हसत होत्या! "आज परीक्षा आहे मुलांची. सगळी तुमच्या डोक्यावर अवलंबून आहेत."

काका उठले आणि जाऊन टेबलावर पडले. भित्रा माणूस, दुसरं काय! पण एवढा जीव लावलेल्या माणसाला 'तुझी विद्या मला पुरत नाही' असं चहाच्या कपावर सांगून बघा, मग त्याला भित्रा म्हणा.

थंड बोटांची मुलगी उशाशी येऊन बसली. तिचे तळवे कानांखाली आले, बोटं कानशिलावर. काकांनी छताकडे पाहिलं आणि पडदा पुन्हा आला. तो उठायची ते वाट बघत राहिले. या वेळी तो उठला नाही. करड्याचा काळा झाला.

"काय लागतंय?" बाईंनी विचारलं.

"मस्त चाललंय, बाई. दोन्हीकडे सारखं फुलतंय, मिटतंय. ते हाड मोकळं झालं!"

"शाब्बास!" बाईंचा आवाज भरून आला. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! आणि त्या टाळ्यांखाली एक माणूस अर्धा आंधळा होऊन पडला होता.

"मला दिसत नाहीये," काका म्हणाले.

"डोकं बोलत नाही!" बाई म्हणाल्या, आणि वर्ग खो खो हसला. सवयीने काकांच्याही ओठांवर हसू आलं. त्या हसण्याचीच त्यांना भीती वाटली. त्यांनी मुलीचे हात आपल्या डोक्यावरून उचलून बाजूला ठेवले आणि उठून बसले.

"दादांना फोन लाव," ते म्हणाले. "उजवा डोळा गेला माझा."

बाई पुढे आल्या. त्यांनी तळवा नवऱ्याच्या डाव्या डोळ्यावर धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर नाचवली. "किती आहेत?"

"हात तरी धरलायस का?"

बाईंनी फोन घेतला. इतक्या वर्षांचा अबोला, पण नंबर तोंडपाठ होता. दादांनी ना टोमणा मारला ना कुशल विचारलं. त्यांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला.

"कानशील दुखत होतं? चावताना जबडा?"

"हो."

"तिथली शीर जाड झालीय? दोरीसारखी?"

बाईंनी वळून पाहिलं. थंड बोटांची मुलगी खाली बघत होती.

"हो," बाई म्हणाल्या. "रोज हाताला लागत होती."

"तसंच उचलून घेऊन ये. मी दारात उभा राहतो."

शिरेला सूज होती, तिने डोळ्याचं रक्त तोडलं होतं. उजवा डोळा परत येणार नाही, दादांनी स्पष्ट सांगितलं. औषध तातडीने सुरू झालं म्हणून डावा वाचला. आणखी थोडं गप्प राहिले असते तर तोही गेला असता.

घरी आल्यावर काका पलंगावर टेकले. बाई सवयीने उशाशी, त्यांच्या डोक्यामागे जाऊन बसल्या. हात उचलले आणि मध्येच थांबले.

"ठेवू का?" त्यांनी विचारलं. आजवर हे कधी विचारलं नव्हतं.

"नको."

मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

"इकडे ये," काका म्हणाले. "पुढे बस, डाव्या बाजूला. आयुष्यभर मागेच बसलीस, मी आपला छताकडे बघत. आता दिसतंय तोवर तोंड तरी बघू दे तुझं."

बाई उठून पुढे आल्या.