बाबांचा खजूर

पहिल्या रोजाच्या संध्याकाळी मैमूनाने डाळीच्या रश्शात चमचा बुडवला, थेंबभर जिभेच्या टोकाला लावून मीठ पाहिलं आणि बेसिनकडे वळून थुंकून टाकलं. मग चूळ भरली. शेजारी कांदा चिरत उभी असलेली तिची धाकटी जाऊ तस्नीम फिसकन हसली.

"भाबी, तुमचा कुठे रोजा आहे? तुम्ही गिळलं तरी चालतंय की!"

तस्नीम सहज बोलून गेली. तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती, पण मैमूनाला ते झोंबायचं तिथे झोंबलं. "सवय गं," एवढंच ती म्हणाली आणि काही गरज नसताना गॅस बारीक केला.

सवय खरीच होती. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा पहिल्याच रमजानमध्ये सासऱ्यांनी तिला सांगितलं होतं, "रांधणाऱ्या बाईने जिभेच्या टोकाने मीठ पाहून थुंकलं तर रोजा तुटत नाय. बिनधास्त बघ. अळणी जेवणाने मात्र माझं डोकं फिरतं." सासरे म्हणजे बाबा. उभी हयात जहाजावर काढली, आणि म्हातारपणी नयानगरातल्या या फ्लॅटमध्ये धर्माची किताबं वाचत बसायचे. रमजान लागला की अख्खी बिल्डिंग त्यांना प्रश्न विचारायला वर यायची. डोळ्यांत ड्रॉप टाकले, तुटला का? नाय तुटला. आपोआप उलटी झाली? नाय. मुद्दाम बोट घालून काढली? मग तुटला, आणि असलं करायचं कशाला? चहाड्या केल्या तर? "रोजा तुटत नाय, पण त्यातलं सत्त्व जातं," असं म्हणून बाबा विचारणाऱ्याकडे चष्म्यावरून बघायचे. हे सगळं ऐकत मैमूनाचे केस पिकले होते.

आणि बाबांची एक रीत होती. अजान झाली की ते ताटातला खजूर स्वतः उचलत नसत. ज्या हाताने घरासाठी रांधलं आणि जो हात दिवसभर उपाशी राहिला, त्या हातातून पहिला खजूर घ्यायचा. सासूबाई होत्या तोवर तो मान त्यांचा होता. त्यांच्यामागे तो मैमूनाकडे आला आणि तिच्याकडेच राहिला. तिचा नवरा गेला, मुलगी लग्न होऊन पनवेलला गेली, फ्लॅटचा हप्ता दीर भरायला लागला, टीव्हीसुद्धा दीर-जावेच्या खोलीत गेला. या घरात मैमूनाचं म्हणून जे काही उरलं होतं, ते त्या एका खजुरात उरलं होतं.

गेल्या रमजानमध्ये ती साखर उतरून ओट्यापाशी कोसळली. डॉक्टरांनी या वर्षी रोजांना साफ नकार दिला. ती बाबांशी भांडली.

"इन्सुलिनच्या इंजेक्शनने रोजा तुटत नाय, तुम्हीच सांगता ना? मग मी इंजेक्शन घेऊन धरते."

"रोजा नाय तुटायचा, पण तू पडशील," बाबा म्हणाले. "आजाऱ्याला सवलत दिलीय ती घ्यायची. एका गरिबाला रोज जेवू घाल. अल्लाशी हट्ट करू नये."

झालं. पहिल्या संध्याकाळी अजान झाली आणि बाबांनी हात पुढे केला तो तस्नीमकडे. "आज तू दे, पोरी." तस्नीम भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात हिशेब बघायची, रमजानात लवकर सुटून यायची. तिला या मानाचं फारसं काही नव्हतंही. तिने ओल्या हाताने खजूर दिला, ओढणीला हात पुसला आणि सरबत ओतायला लागली. तिची ती बेफिकिरीच मैमूनाला अधिक सलली. ज्याच्यासाठी आपण जीव टाकतो, ते दुसऱ्याला असं येताजाता मिळावं! त्यात बाबा रोज तिचं काहीतरी कौतुक करायचे. भजी कशी हलकी झालीत. समोशात पुदिना घातलास का, वा. मैमूनाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भजीचं पीठ तिनेच भिजवलेलं असायचं, पण ते सांगायचं कसं? मत्सराने रोजा तुटतो का, हे काही कुणी बाबांना विचारलं नव्हतं. आणि मैमूनाला तर रोजाच नव्हता.

रमजान अर्धा सरला असेल. तस्नीमला त्या दिवशी कारखान्यात फार डोकेफोड करावी लागली होती. ती आली ती मालकाच्या नावाने बोटं मोडतच, आणि बोलता बोलता भजी तळायला उभी राहिली. मैमूना पाठीमागे पपई कापत होती. झाऱ्यावर चार-दोन कुरकुरीत तुकडे राहिले होते. तस्नीमने बोलण्याच्या तंद्रीत ते उचलले, तोंडात टाकले, चावले, गिळले, आणि मगच तिचा हात थांबला.

"या अल्ला! भाबी, मी खाल्लं!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ध्यानातच नाय राहिलं हो. घरी येऊन भजी तळताना चघळायची सवय... माझा रोजा गेला ना?"

उत्तर मैमूनाच्या जिभेवर होतं. विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही. आठवलं तिथे थांबायचं, तोंड धुवायचं आणि रोजा पुढे चालू ठेवायचा. बाबांच्या तोंडून हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तिने सुरी खाली ठेवली. तस्नीम तिच्याकडे बघत होती, लहान मुलीसारखी. आणि मैमूनाला दिसला तो बाबांचा पुढे केलेला हात.

"गेला तो गेलाच," ती म्हणाली. "आता रडून काय? पाणी पी, घशात अडकेल."

तस्नीमने पेला भरला. एकदा थांबली, मग गटागटा प्यायली. तिच्या गळ्यातून उतरणारं पाणी मैमूना बघत राहिली, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला बरं वाटलं.

जमिनीवर दस्तरखान अंथरून ताटं मांडली. अजानला थोडा अवकाश होता. बाबांनी आधीच तस्नीमकडे हात पुढे केला.

"मी नाय, बाबा," तस्नीम मान खाली घालून म्हणाली. "माझा रोजा गेला. विसरून भजी खाल्ली."

बाबा हसायलाच लागले. "अगं वेडे, विसरून खाल्लं तर ती अल्लाची मेजवानी! तुझा रोजा शाबूत आहे."

"पण वर पाणी प्यायले मी. मला वाटलं, तुटलाच आहे."

बाबांचं हसू थांबलं. "अरेरे. ते मुद्दाम प्यालीस, तिथे तुटला. कुणाला विचारायचं नाय? ही मैमूना शेजारी उभी असेल. तिला सगळं पाठ आहे."

मैमूना ताटातले खजूर सारखे करायला लागली. तस्नीमने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिला कळलं. सगळं कळलं. मग ती बाबांकडे वळली.

"भाबी नमाजला बसल्या होत्या," ती म्हणाली.

"असू दे. ईदनंतर एक रोजा भरून काढ," बाबा म्हणाले. "मैमूना, आज तूच दे. तुझा उपास अल्लाने थांबवलाय, तू नाय."

अजान सुरू झाली. मैमूनाने खजूर उचलून बाबांच्या हातावर ठेवला. पंधरा-वीस दिवस ज्यासाठी ती जळली होती, ते मिळालं होतं. बाबांनी बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात टाकला, आणि मैमूना पाणी आणायच्या निमित्ताने आत निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून अजानच्या वेळी ती स्वयंपाकघरातच काहीतरी काढून बसायची. बाबा हाक मारायचे, "मैमूना, ये ना." ती म्हणायची, तस्नीम आहे ना.

ईदची पाहुणेमंडळी पांगल्यावर तस्नीमने तो रोजा धरला. घरात सगळे खातेपिते, एकटीच उपाशी. मैमूनाला इंजेक्शननंतर खावं लागायचंच. ती खोलीचं दार लावून दोन घास खाऊन आली. संध्याकाळी तिने डाळ टाकली, चमचा बुडवला, थेंबभर जिभेला लावला आणि थुंकून टाकलं.

तस्नीम दारात उभी होती. या वेळी ती हसली नाही.

"भाबी, तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं ना?"

"होतं."

"मग?"

मैमूनाने चमचा धुतला. "बाबा तुझ्यापुढे हात करायचे. मला बघवत नव्हतं."

तस्नीम आत येऊन ओट्यापाशी उभी राहिली. बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते, खालच्या मजल्यावर कुणीतरी मासे तळत होतं. तिने डाळीत डोकावून विचारलं, "मीठ झालंय?"

"चिमूटभर कमी आहे."

तस्नीमने बरणीतून चिमूटभर मीठ घेऊन डाळीत टाकलं. अजान सुरू झाली. मैमूनाने बशीतला खजूर उचलून पुढे धरला. तस्नीमने हात लगेच पुढे केला नाही. मैमूनाने खजूर तसाच धरून ठेवला. अजान संपत आली तरी तिने हात खाली घेतला नाही. मग तस्नीमने ओढणीला आपला हात पुसला, आणि पुढे केला.