मागच्या चाकाची रबरी गादी

मित्रांनो, कोल्हारच्या अमृतची एक खोड मला कधीच सहन झाली नाही. गाडी धुताना तो काचा पुसतो, दिवे पुसतो, मागचा चकचकीत सायलेन्सर तर घासून घासून त्यात तोंड बघतो. पण गाडीखाली वाकायचं म्हटलं की त्याच्या कमरेत काठी शिरते. सहा वर्षं मी त्याच्या गाडीखाली मार खाल्ला आणि त्याने माझं तोंडही पाहिलं नाही.

मी एक जुनी रबराची गादी आहे. मेस्त्री लोक मला बुश म्हणतात. म्हणोत बापडे. मुठीत मावेन एवढी मी, अंगावर लोखंडी कडं आणि पोटातून आरपार बोल्ट. मागचं चाक ज्या लोखंडी दांड्यांनी गाडीला धरलेलं असतं, त्यांच्या सांध्यात आम्ही बसतो. तुमच्या गुडघ्यात हाडावर हाड घासू नये म्हणून जे असतं ना, तेच आमचं काम.

साच्यात वाफवून मला घडवलं तेव्हा मी काळीभोर आणि टणक होते. एका लाल, पळणाऱ्या गाडीत बसले. ठिबकच्या पाइपांचं दुकान चालायला लागलं तशी अमृतने ती पुण्याहून आणली. नगर-मनमाड रस्ता तुम्हाला मी काय सांगू! उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेला एकेक खड्डा मी पोटात घेतला. चाक जागचं हलू दिलं नाही. कौतुक मात्र इंजिनाचं. मित्र म्हणायचे, "अमृत, गाडी न्हाई, बाण हाय बाण!" बाण सरळ कोण ठेवतं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

वय झालं तसं अंगाला चिरा पडल्या. मी करकरू लागले. मित्रांनो, ते गाणं नव्हतं, विव्हळणं होतं.

अमृत दर शनिवारी शिंगणापूरला जातो. एकदा शनीला वाहून उरलेल्या तेलाची बाटली गाडीत राहिली. त्याचे वडील आसाराम म्हणाले, "देवाचं तेल हाय, वाया घालू नगंस. मागं करकर वाजतंय, तिथं मार की."

अमृतने पिचकारी भरली आणि उभ्या उभ्याच चाकाच्या फटीतून मारली. करकर थांबली. दोघं बापलेक खूश. मग दर शनिवारी मला न्हाऊ घालणं सुरू झालं. त्यांची भक्ती खरी होती, म्हणून मी गप्प राहिले. पण रबराला तेल सोसत नाही. मी फुगले, आतून लिबलिबीत झाले, आणि एके दिवशी कड्यापासून सुटले. दुखणारं माणूस ओरडायचं थांबलं, की घरच्यांना वाटतं बरं झालं. तसंच.

दिवाळीत ते पाथर्डीला सासुरवाडीला निघाले. मागे त्याची बायको मोनिका, तिच्या मांडीवर तीन वर्षांची लेक निकिता. करंजी घाटातल्या वळणावर अमृतने नेहमीसारखी गाडी दामटली. मी चाक धरायला गेले, पण धरायला अंगात काही उरलंच नव्हतं. गाडीचं मागचं अंग दरीकडे फेकलं गेलं. कठड्याच्या हातभर अलीकडे ती थांबली.

मोनिका पोरीला कडेवर घेऊन उतरली.

"अगं, रस्त्यावर वाळू हुती!" अमृत म्हणाला.

"वाळू न्हाई न् बिळू न्हाई. तुमचा बाण तुमीच मारा. माझी पोरगी पुन्हा ह्या गाडीत बसायची न्हाई."

तिने हात करून यष्टी थांबवली आणि खरंच निघून गेली. लाल गाडी रिकाम्या मागच्या सीटसकट नगरला परतली.

नगरच्या गनीभाई मेस्त्रींनी गाडी वर उचलली, बॅटरी मारली आणि हसले. "शेठ, हिला मालिश कुणी केली?"

"देवाचं तेल हुतं, गनीभाई."

"मग देवापाशीच ठेवायचं ना. रबर तेलात फुगतं आन् मग फाटतं. असं उभं राहून काय दिसनार? या आत, पाठ टेका."

अमृत पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली आडवा झाला. गनीभाईंनी एकेक सांधा त्याला बोटाने दाखवला. मग प्रेसखाली दाबून मला काढलं आणि माझ्या जागी पिवळी, ताठ पॉलीयुरेथेनची, म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक रबराची बुश बसवली. तिला तिचंच वेगळं ग्रीस लावलं. "आता वळणाला चाक हलायचं न्हाई," ते म्हणाले, "पन खड्डा कमरेला कळंल. आन् अलाइनमेंट करून चाकं सरळ लावल्याबिगर घाटात न्यायची न्हाई." माझ्या जागी आलेली ही सूनबाई कडक आहे. असू दे. मऊपणाचं काय होतं ते मी भोगलंय.

अमृतने फोन केला म्हणून मोनिका माहेराहून यष्टीने आली होती; अलाइनमेंट होईपर्यंत ती गॅरेजच्या दाराशी पोरीला घेऊन उभी होती. तिने नवऱ्याला नाही, मेस्त्रींना विचारलं, "भाऊ, पोरीला घेऊन बसू का?"

"बसा वहिनी. आज शेठनी सोता बघितलंय."

ती बसली. मला भंगारात टाकायला अमृतने हातात घेतलं आणि पहिल्यांदा माझ्या चिरांवरून अंगठा फिरवला. मी फार थकले होते, तरी बोलले:

"अमृत, सहा वर्षांत आज तुझी पाठ जमिनीला लागली. दर पावसाळ्यानंतर अशीच लागू दे. जमत नसंल तर गाडी वीक, आन् तिच्या पैशात बैलबी घिऊ नगंस. त्याच्या खुरात काय रुतलंय, ते बी वाकूनच बघावं लागतं."