औषध बंद करून दाखवा

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे आणि आज माझं डोकं जाम तापलेलं आहे. थर्मासाचं डोकं तापलं म्हटल्यावर तुम्ही हसाल. खुशाल हसा, पण आधी ऐकून घ्या.

एका पोलादी नळकांड्यात दुसरं नळकांडं बसवलं, मधली हवा काढून घेतली, बूड बंद केलं, की झालो मी. माझा सगळा गुण त्या मधल्या पोकळीत आहे. पहिली कितीतरी वर्षं मी बाबांचा चहा घेऊन छापखान्यात जात असे. बाबा म्हणजे भिंगरीचे बाबा. यंत्रावरून दोनदा खाली पडलो, पण चहा कधी गार होऊ दिला नाही. बाबांचे सोबती म्हणायचे, थर्मास असावा तर असा. मग बाबांना कुणीतरी नवा कोरा थर्मास भेट दिला आणि माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर झाली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

मला खाली काढलं ते भिंगरीच्या दुखण्यानं. भिंगरी हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. एका जागी ठरत नसे, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं. पाचव्या वर्षी ती एकाएकी ठरली. सकाळी उठली की गुडघे आणि मनगटं सुजलेली, जिना उतरायचा तर बाबांच्या कडेवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा सांध्यांचा आजार लहान मुलांनाही होतो. इंजेक्शन आहे, पण दर पंधरवड्याला आणि वर्षानुवर्षं घ्यावं लागेल, आणि ते थंडच राहिलं पाहिजे. किंमत बाबांच्या पगारात बसणारी नव्हती. नशीब, बाबांच्या नोकरीबरोबर घरच्यांचा विमा होता. विमा कंपनीनं वर्षभराचा खर्च मंजूर केला.

तेव्हापासून दुकानातून घरापर्यंत औषध आणायचं काम माझं. बुडाशी बर्फ, त्यावर घडी घातलेलं फडकं, त्यावर इंजेक्शन. फडकं नसेल तर औषध बर्फाला चिकटून गोठतं आणि वाया जातं. आई कधी विसरली नाही. काही महिन्यांत भिंगरी जिना धडधडत उतरू लागली. खालच्या काकू तक्रार करायच्या, पोरीला जरा आवरा. आईला ती तक्रार ऐकायला फार आवडायचं.

आणि इथेच माशी शिंकली. वर्ष संपलं, मंजुरी नव्यानं घ्यायची वेळ आली, तर कंपनी म्हणे, मुलीला सध्या काहीच त्रास नाही, सबब औषधाची गरज दिसत नाही. आई फोन करून थकली. दर वेळी नवा माणूस, त्याला अथपासून इतिपर्यंत सांगा, आणि शेवटी त्याचं ठरलेलं, की हे आमच्या विभागात येत नाही. डॉक्टरीणबाईंनी पत्र दिलं. कंपनी म्हणाली, तपासण्या जोडा. जोडल्या. त्या अर्थातच चांगल्या आल्या, तर कंपनीनं त्यांच्यावरच बोट ठेवलं, की बघा, मुलगी ठणठणीत आहे! आता यावर माणसानं कपाळ बडवून घ्यावं की काय करावं, तुम्हीच सांगा.

शेवटी आई कंपनीत जाऊन थडकली. मंजुरीतलं शेवटचं इंजेक्शन त्याच वाटेवर घ्यायचं होतं, म्हणून मीही पिशवीत होतो. तिथले साहेब वाईट नव्हते हो, तेच तर दुखणं आहे. त्यांनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे नियम समजावून सांगितला.

"लक्षणं नाहीत, कारण औषध चालू आहे," आई म्हणाली.

"असेलही. मग थोडे दिवस औषध बंद करून दाखवा. त्रास झाला तर लगेच मंजूर करू."

आईनं मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. "याला हात लावा. गार लागतो का?"

साहेबांनी हात लावला आणि नाही म्हणाले.

"आत बर्फ आहे. बाहेर गार लागत नाही, म्हणजे हा आपलं काम नीट करतोय."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, पडला एकदाचा उजेड! पण त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, मला पटतंय हो ताई, नियमात बसत नाही. झालं, पालथ्या घड्यावर पाणी.

पुढची दोन इंजेक्शनं बाबांनी उसनवारी करून आणली. मग त्यांनीही हात टेकले. मी परत फळीवर गेलो. तिथून जिना दिसत नाही, ऐकू येतो. आधी धडधड कमी झाली. मग एकेक पायरी थांबत थांबत वाजू लागली. आणि एका सकाळी नुसत्या बाबांच्या चपला वाजल्या. मला फार रडू आलं, पण आमच्यात ती सोय नाही.

परवा साहेबांचा फोन आला. आईचे हात भांड्यात होते, म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला. साहेब खुशीत होते. नव्या तपासण्यांत सूज अगदी स्पष्ट आलीय, अभिनंदन, वर्षभराची मंजुरी झाली. आईनं नळ बंद केला.

"वर्षभरात ती बरी होईल," आई म्हणाली. "मग?"

"मग पुन्हा अर्ज करा ना," साहेब म्हणाले.

काल आईनं मला खाली काढून लखलखीत घासलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, बाकीचे सांधे सावरतील. उजवा गुडघा पूर्वीसारखा सरळ होईल असा शब्द मात्र त्या देत नाहीत.

म्हणून मित्रांनो, कळकळीनं सांगतो. जे सुरळीत चाललंय ते कुणीतरी चालवत असतं. एखादं पोर हसतंखेळतं दिसलं, तर ते कशाच्या जोरावर, एवढं आधी विचारा. बंद करून बघू नका. माझ्यासारखे थर्मास दुकानात ढिगानं मिळतात. गुडघे मिळत नाहीत.