ओढ्याचं नाव सांगा

पाणीपुरवठा खात्याच्या इंजिनियरसाहेबांनी काचेच्या नळीत थेंब टाकले आणि पाणी गुलाबी झालं.

"क्लोरीन," ते म्हणाले. "म्हणजे नळाचं पाणी. तुमचाच पाइप फुटलाय. मावशी, फरशी खोदून पाइप बदला, नाहीतर सोमवारी मला कनेक्शन तोडावं लागेल."

मावशीची लॉन्ड्री आहे. वर दुकान, खाली तळघरात धुलाईची यंत्रं. फरशी खोदायची तर महिनाभर यंत्रं बंद. तेवढ्या काळात हॉटेलवाल्यांच्या चादरी दुसरीकडे जाणार आणि परत येणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तळघराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात थंडीपासून पाणी झिरपत होतं. ते नळाचं नाही, ओढ्याचं आहे, असं मी म्हणत होते. मी भूजलशास्त्र शिकले आहे. टेकडीवरून येणारा ओढा या रस्त्याखाली कधीतरी गाडला गेला, याबद्दल मला शंका नव्हती. मॅनहोलच्या झाकणांना कान लावत मी चढावरून खाली आले होते. गटाराचं पाणी थांबत थांबत वाहतं. कोणी आंघोळ केली की गडगडतं. हे मात्र भर दुपारी, सगळे कामावर असताना, एकसारखं वाहत होतं. बँकेच्या कोपऱ्यावर वळत होतं, शिंप्याच्या दुकानासमोर फुटपाथ खचलाय त्याच्या खालून जात होतं, आणि मावशीच्या मागच्या भिंतीपाशी आवाज संपत होता. पुढे झाकणच नव्हतं.

क्लोरीनची चाचणीही मीच सुचवली होती. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, ओढ्याच्या नसतो. आता माझ्याच चाचणीने माझी जिरवली होती.

"साहेब, नळाचं पाणी इतकं गडद होत नाही. फिकट होतं."

"गडद काय, फिकट काय. गुलाबी ते गुलाबी." नळी धुऊन ते निघून गेले.

मी खड्ड्यावर वाकले. वास नाकात शिरला.

"मावशी, यात काय ओतलंस?"

"कुठे काय?"

"मावशी!"

"अगं, थोडं ब्लीच. साहेब यायचे होते ना. शेवाळ धरलं होतं, वास मारत होता. लॉन्ड्रीवालीच्या घरात घाण दिसली तर लोक काय म्हणतील?"

"ब्लीच म्हणजेच क्लोरीन!"

"मग ते मला आधी नको सांगायला? एवढी शिकलीस, घरच्या माणसाला एवढं सांगता आलं नाही?"

खरं होतं ते, म्हणून मला आणखीच राग आला.

तशीच साहेबांच्या ऑफिसात गेले. ब्लीचचं सांगितलं तर साहेब हसले. "पाणी गुलाबी झालं की सगळ्यांना ब्लीच आठवतं. हे बघा, चाचणी एकदाच होते. पुन्हा यायचं तर कारण लागतं. ओढा आहे म्हणता ना? नाव सांगा. आमचे जुने नकाशे नावावरून काढतात. नकाशा सापडला तर येतो."

"पण नकाशा बघितल्याशिवाय नाव कसं कळणार?"

"तेच तर," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

शिंपी म्हणाला, "वाकडी म्हणायचे तिला." आतून त्याची बायको ओरडली, "वाकडी ही नव्हे हो, ती पुलापलीकडची! हिला कुठलं आलंय नाव?" न्हावी म्हणाला, "पांढरी." मग वस्तरा हातात तसाच धरून थोडा वेळ आरशात बघत राहिला. "नाही, पांढरी माझ्या आजोळची." निवृत्त मास्तरांना मात्र नाव माहीत होतं. नक्की माहीत होतं. अगदी जिभेवर होतं. त्यांच्या जेवणाची वेळ झाली तरी ते जिभेवरून खाली उतरलं नाही.

मी दोन्ही नावं साहेबांना दिली. दोन्ही नकाशे भलतीकडचे निघाले.

घरी येऊन मावशीवर घसरले. "तू लहानपणी त्या ओढ्यात खेळलीस! तुला तरी आठवायला हवं!"

"खेळले, खेकडे धरले. खेळताना कोण नाव विचारतं? एकच ओढा होता गं. दुसरा असता तर नावाची गरज पडली असती."

"आजी काय म्हणायची?"

"आई म्हणायची, घरी ये, नाहीतर तंगडी मोडीन."

रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीने ते पाहिलं. इस्त्री फिरवत राहिली.

शुक्रवारी सकाळी तिने स्वतःच दुकानाला कुलूप घातलं आणि मला म्हणाली, "चल." ऑफिसात रांग होती. रांग सोडून ती थेट टेबलापाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, माझ्या तळघरात शेवाळ होतं. घाण होती. लाज वाटली म्हणून मी ब्लीच ओतलं. तुम्हाला सापडलं ते माझं ब्लीच, माझा पाइप नाही. पुन्हा बघायला चला. नाहीतर मी बसते इथेच. सोमवारनंतर मला कामच नाही, मग घाई कसली?"

आणि ती खरंच बसली, साहेबांच्या समोरच्या खुर्चीत. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अहो, जाऊन या ना साहेब, आमचाही खोळंबा."

साहेब आले, पण तोंड वाकडं करून. त्यांच्यादेखत पंप लावून आम्ही खड्डा कोरडा केला. खड्ड्याच्या भिंतींवर हिरवा थर होता. मावशी तिकडे न बघता हात मागे बांधून उभी राहिली. खड्डा पुन्हा भरल्यावर साहेबांनी त्यात नळी बुडवली. मग थेंब पडले. नळीतलं पाणी होतं तसंच राहिलं.

"कनेक्शन राहील," साहेब म्हणाले.

"आणि हे पाणी?" मी विचारलं.

"आमचं नाही. नळाचं असतं तर आमचं."

"मग ओढा कोणत्या खात्याकडे येतो?"

"नाव कळलं की सांगतो," म्हणत ते जिना चढू लागले.

मी त्यांच्यामागे निघाले, तर मावशीने माझं मनगट धरलं. "राहू दे. चादरी भिजवायच्यात."

"अगं, पण त्याचं नाव..."

"शोध की. कोण नको म्हणतंय? आधी तो पंप लाव, माझे पाय भिजताहेत."